खडूच्या पावडरीवरची ओली रेघ

आमच्या गाडीत पहिलं पाणी गळलं ते आईंच्या पोथीवर. जून २०२२. परळीला वैजनाथाचं दर्शन घेऊन आम्ही लातूरला परत निघालो होतो आणि अंबाजोगाईच्या अलीकडेच पावसानं गाठलं. हे गाडी चालवत होते, मी शेजारी, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागच्या बाकावर पाय लांब करून निजल्या होत्या. त्यांची कापडी पिशवी मी डॅशबोर्डवर डाव्या कोपऱ्यात ठेवली होती. रेणापूर मागे पडल्यावर पिशवी उचलली तर बुडातून थेंब ठिबकत होते. पोथी लाल फडक्यात बांधलेली, त्या फडक्याचा रंग पानांच्या कडांना लागलेला.

आई एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी पानं सुटी करून सतरंजीवर मांडली आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक सुपारी ठेवली. ती सुपाऱ्यांची रांग बघून माझ्या पोटात कालवलं. ही गाडी आम्ही त्यांच्यासाठीच केली होती.

आईंचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. धर्मशाळेत उतरायचं म्हटलं की जिना, लॉजवर उतरायचं म्हटलं की खाली बसायचा संडास. देवाला जायची ओढ मात्र तशीच. म्हणून २०२१ मध्ये एका शाळेनं विकायला काढलेली मिनीबस आम्ही घेतली. आरटीओची परवानगी काढली, सीटा उतरवल्या, आत प्लायवूडचं काम करून घेतलं. एक पलंग, दोन बाकं, गॅसची शेगडी, ऐंशी लिटरची टाकी आणि मागे छोटी कमोडची खोली. पैसे माझ्या भविष्य निर्वाह निधीतले. गल्लीतली पोरं तिला 'चालतं घर' म्हणतात आणि आम्हीही तेच म्हणू लागलो. अशा घराच्या दर्शनी काचेतून पाणी आत येतं, हे मनाला फार लागलं.

दुसऱ्याच दिवशी हे गाडी घेऊन बाजारात गेले. एका दुकानदारानं दहा मिनिटांत काचेच्या कडेनं सिलिकॉनची ट्यूब फिरवली, बोटानं सारवलं आणि सांगितलं, आता बघायचं काम नाही. संध्याकाळी केबिनचं दार उघडलं तर लोणच्याच्या बरणीसारखा आंबट वास. साधं स्वस्तातलं सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, त्याचा तो वास, हे मला दोन वर्षांनी कळलं. उघड्या पत्र्याला ते लागलं की गंज आणखी जोरानं धरतो. शिवाय वाळलेल्या सिलिकॉनवर पुढे काहीच चिकटत नाही. रंग धरत नाही, दुसरा सीलंट धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा पापुद्र्यासारखं सुटून येतं.

तो पावसाळा आम्ही डॅशबोर्डवर टॉवेल ठेवून काढला. जुलै २०२३ मध्ये पुन्हा सिलिकॉन, या वेळी जाड थर, काळ्या रंगाचं. आणि खरंच गळायचं थांबलं! ऑगस्ट संपला तरी थेंब नाही. आम्ही खूश. पण तो ऑगस्ट कसला होता? देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. आमच्याकडे सोयाबीन उभ्या उभ्या माना टाकत होतं आणि माझ्या शाळेतली निम्मी पोरं आभाळाकडं बघत घरी जायची. पाऊसच नव्हता, तर गळणार काय? सप्टेंबरात दोन मोठ्या सरी आल्या, तेव्हा त्याच डाव्या कोपऱ्यातून पाणी आलं. आधीपेक्षा जास्त आणि तांबूस. त्या तांबूस रंगानं मी घाबरले. रबरातून आणि काचेवरून आलेल्या पाण्याला रंग नसतो. हा रंग पत्र्याचा होता.

दिवाळीच्या सुट्टीत डॅशबोर्डच्या खालचं प्लायवूड उघडलं. फुगून त्याचे थर पुस्तकासारखे सुटले होते. मागचं ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंचा कापूस, पिळलं तर पाणी निघालं, आणि आत तळघरासारखा कुबट वास. फ्यूजच्या डबीपासून ओल चार बोटांवर होती. ग्लासवूल एकदा भिजलं की ते पाणी महिना-महिना धरून ठेवतं. वर सगळं कोरडं दिसतं आणि आत लाकूड कुजत राहतं. ते सगळं काढून फेकलं आणि आठवडाभर टेबलफॅन लावून केबिन वाळवली. यांचं म्हणणं होतं, आता चांगल्या कंपनीचं सिलिकॉन आणू. मी म्हटलं, आधी पाणी कुठून येतंय ते नक्की करू. तोवर एकही ट्यूब लावायची नाही.

पाणी शोधायची तयारी मी जानेवारी २०२४ मध्ये केली. नळी सोडून गाडी धुवावी तसं करून भागत नाही. सगळीकडं एकदम पाणी पडलं की ते कुठून शिरलं हे कळतच नाही. शिवाय लातूरचा माणूस नळी मोकळी सोडत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात भाजी धुतलेलं पाणी मी झाडांना आणि कपडे खळबळलेलं पाणी संडासाला घालत होते. ती सवय अजून सुटलेली नाही, सुटूही नये. तेव्हा माझ्या डोक्यात आला फवारणीचा पंप. पाठीवर घ्यायचा, सोळा लिटरचा, हातानं दांडा मारायचा. नोझल फिरवलं की हवी तेवढी बारीक धार, हवी तिथंच. दिराच्या शेतावरचा पंप तणनाशकाचा होता म्हणून तो घेतला नाही. नवा आणला आणि काम झाल्यावर त्यांनाच दिला.

दुसरी वस्तू शाळेतली, खडू. मोडक्या खडूंचे तुकडे मी खलबत्त्यात कुटले, ओढणीच्या कापडातून चाळले आणि ती पावडर मऊ ब्रशनं काचेच्या आतल्या कडेला, खांबांना आणि डॅशबोर्डवर पसरली. कोरड्या खडूवर पाण्याचा एक थेंब जरी सरकला तरी मागे गडद रेघ राहते. थेंब वाळला तरी त्याचा रस्ता दिसतो. काचेच्या वरच्या बाजूचं, कपाळावरचं प्लायवूड आम्ही आधीच उतरवलं होतं. ते उतरवलं नसतं तर पुढचं काहीच कळलं नसतं.

बाहेरून काचेच्या कडेचे मास्किंग टेपनं आठ भाग केले. हे पंप घेऊन बाहेर, मी आत टॉर्च घेऊन. सुरुवात खालून. हे महत्त्वाचं आहे, कारण वरून सुरुवात केली तर तेच पाणी खालच्या भागावरूनही वाहतं आणि दोष कुणाचा ते ठरत नाही. एकेका भागावर पाच मिनिटं धार, मग पाच मिनिटं थांबायचं. खालचा डावा कोपरा, जिथून दोन वर्षं पाणी येत होतं, तो कोरडा. खालचा मधला भाग कोरडा, उजवा कोरडा. दोन्ही बाजू कोरड्या. वरच्या कडेवर धार धरली, तीही कोरडी. हे बाहेरून ओरडले, "काय दिसायलंय का?" मी म्हटलं, "काही नाही." मी निराश झाले होते. यांनी पंपात राहिलेलं पाणी काचेच्या आणखी वर, टपाच्या कपाळावर मारायला सुरुवात केली.

मी टॉर्च वर धरून बसले होते. बऱ्याच वेळानं, उजव्या बाजूला कपाळाच्या पत्र्यात तांबूस कडेचं एक बारीक भोक होतं, तिथं खडू काळपट झाला. मोहरीएवढा ठिपका. तो फुगला, लोंबला आणि सुटला. काचेच्या वरच्या कडेवर पडून रबराच्या मागे शिरला. मी श्वास रोखून बघत होते. रबराच्या मागून ते पाणी डावीकडं निघालं, कारण आमचं अंगण डावीकडं उतरतं आहे. डावा खांब सुरू होतो तिथं ओली रेघ थोडी बाहेर डोकावली आणि पुन्हा रबरामागे गेली. आणखी काही मिनिटांनी तोच तो डावा खालचा कोपरा ठिबकला. पाणी शिरत होतं उजवीकडून वरून आणि दिसत होतं डावीकडं खाली. मधला सगळा रस्ता काचेच्या कडेमागून.

ते भोक शाळेच्या पाटीचं. मिनीबस शाळेची असताना काचेच्या वर, कपाळावर, नावाची लांब पाटी स्क्रूनं बसवलेली होती. विकताना पाटी काढली, चार भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि वर रंग मारला. उन्हाळ्यात आमच्याकडं पारा बेचाळीसच्या वर जातो, टपाचा पत्रा तापतो, रात्री गार होतो. या तापण्या-गार होण्यानं लांबीला चिरा गेल्या. बाहेरून रंग अखंड दिसत होता, नख लावलं तर उडाला.

आता वाटलं की चार भोकं बुजवली की झालं. पण ते तांबूस पाणी मला स्वस्थ बसू देईना. ओळखीतून एक चाचा मिळाले, बसच्या बॉडीचं काम करण्यात हयात गेलेले, काचा बसवण्यात हात बसलेला. त्यांनी आधी काहीच हात लावला नाही. खडूच्या रेघांचे मी काढलेले फोटो मोबाईलवर नीट बघितले. म्हणाले, "बाई, पानी शिरलं कुठून हे तुम्ही हुडकलं, लई चांगलं केलं. आता ते बसलं कुठं ते बघू." मग खालच्या डाव्या कोपऱ्यात आतून काँप्रेसरची हवा मारली आणि बाहेरून साबणाचं पाणी लावलं, पंक्चरवाला ट्यूब बघतो तसं. जाड काळ्या सिलिकॉनच्या एका कडेनं बुडबुडे आले. त्यांनी तिथलं सिलिकॉन ब्लेडनं सोललं आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक रबराखाली सरकवलं. पत्रा लोखंडासारखा टणटणला नाही. टोक ओल्या पापडात जावं तसं आत गेलं.

त्यांनी मला समजावलं ते असं. जुन्या पद्धतीची काच पत्र्याला थेट चिकटवलेली नसते, ती रबरात बसवलेली असते. रबराचा आडवा छेद घेतला तर दोन बाजूंना दोन खाचा दिसतात. एका खाचेत काच, दुसरीत पत्र्याची कड. वर एक बारीक लॉकपट्टी असते, ती ठोकली की रबर फाकून दोन्हीकडं घट्ट आवळतं. थोडं पाणी रबरात शिरतंच, पण ते खालून निघून जातं. आम्ही बाहेरून सिलिकॉन थापून त्याची निघायची वाट बंद केली. वरून पाणी येत राहिलं आणि खालच्या खाचेत हौदासारखं साठून राहिलं. त्यात ॲसिटिक ॲसिडची भर. दोन वर्षं पत्र्याची कड त्या पाण्यात भिजत होती. हे ऐकून मला वाईट वाटलं, कारण दुसऱ्या वेळी जाड थर लावायचा आग्रह माझा होता.

मेच्या सुट्टीत काच काढायचं ठरलं. चाचांची अट एकच, काम सकाळी सहा ते दहा. नंतर पत्र्याला हात लावता येत नाही आणि सीलंट नोझलमधून निघता निघता साय धरतो.

पहिले दोन दिवस नुसतं सिलिकॉन खरवडण्यात गेले. हे काम मी स्वतः केलं. धारदार ब्लेड पत्र्याला जवळजवळ आडवं धरून सोलायचं, उरलेलं खरखरीत कापडानं घासायचं, शेवटी थिनरचं फडकं. बोट फिरवल्यावर कुठंही गुळगुळीत, साबणासारखं लागलं तर तिथं सिलिकॉन अजून आहे. तिसऱ्या दिवशी चाचांनी जुनं रबर बाहेरून ब्लेडनं कापून काढलं. उपटून, पेचकसानं उचकून काढायचं नाही, कारण काच मोडते ती अशा वेळी कोपऱ्यातून मोडते. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा. तडा गेला तरी ती विखरत नाही, पण तडा गेला की बाद. रबर कापल्यावर आतून दोघांनी तळव्यांनी सारखा दाब दिला आणि बाहेर दोघांनी झेलली. वजन पंचवीस किलोच्या आसपास. शेडमध्ये दोन गोधड्या टाकून त्यावर ती भिंतीला टेकवून उभी केली. काच आडवी ठेवायची नाही, हे चाचांनी दोनदा सांगितलं.

काच निघाल्यावर पत्र्याची कड बघून हे मटकन खालीच बसले. डाव्या कोपऱ्यात सव्वा फूट लांबीची कड खाल्लेली. बोटानं दाबलं की तांबड्या पोपड्यांचे थर हातात. वायरब्रश मारल्यावर सात भोकं मोजली, त्यातल्या एकातून करंगळी जात होती. बाहेरून यातलं काहीही दिसत नव्हतं. बाहेर रबर छान काळं, सिलिकॉन चकचकीत.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवल्या, आसपासचं प्लायवूड काढलं, वायरिंगवर ओलं गोणपाट टाकलं आणि पाण्याची बादली जवळ ठेवली. लाकडाचं घर असलेल्या गाडीत हे केल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही. सडलेली कड कापून टाकली आणि वीस गेजच्या पत्र्याची नवी पट्टी कडेला कड लावून जोडली. मी विचारलं, वरून तुकडा ठेवून का नाही जोडत? चाचा म्हणाले, "मग तिथं पत्रा डबल व्हतो बाई. रबराची खाच एका पत्र्याची हाये. डबल जागी रबर उचलून राहतं, आन् तिथंच काच तडकती." एकेक टिपका मारून ते थांबायचे, गार होऊ द्यायचे, मग लांबच्या दुसऱ्या टोकाला टिपका. सलग ओढलं तर पातळ पत्रा वाकतो. मग ग्राइंडरनं सगळं सपाट, हात फिरवून फिरवून. पाटीची चार भोकंही वेल्डिंगनंच बुजवली, लांबीनं नाही.

उरलेल्या कडेवरचा गंज ऐंशी नंबरच्या पेपरनं उजळेपर्यंत घासला, वर गंजरोधक द्रावण, मग एपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि रंग. रंग वाळायला पूर्ण तीन दिवस दिले. कच्च्या रंगावर रबर बसवलं तर रंग रबराला चिकटतो आणि पत्रा पुन्हा उघडा पडतो. घाई करायचा मोह यांना झाला, कारण गाडी काचेविना अंगणात उभी आणि वळवाचं आभाळ रोज संध्याकाळी भरून यायचं. एका रात्री वारं सुटलं तेव्हा आम्ही दोघं ताडपत्रीच्या दोऱ्या धरून उभे होतो. चार थेंब पडले आणि गेले.

त्या तीन दिवसांत वायपरखालचा पन्हळ साफ केला. आमची गाडी कडुनिंबाखाली उभी असते. सावली चांगली, पण निंबाची पानं आणि लिंबोळ्या जाळीतून आत पडतात आणि पाणी बाहेर जायची दोन भोकं बुजवून टाकतात. दोन ओंजळी काळं कुजलेलं खत निघालं. ही भोकं तुंबली की काचेखाली पाणी तुंबतं, मग रबर कितीही नवं असो. आता दर अमावास्येला मी त्यात तार फिरवते. अमावास्या एवढ्यासाठी की ती लक्षात राहते.

नवं रबर ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं घेतलं. स्पंजासारखं स्वस्त रबरही मिळतं, ते आमच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन आखडतं आणि कोपऱ्यांत फट पडते. ईपीडीएमला ऊन सोसतं, पण तेल, ग्रीस, रॉकेल लागलं की ते फुगतं, म्हणून बसवताना फक्त साबणाचं पाणी. रबर मीटरवर घेतलेलं होतं. चाचांनी ते ताणून न मोजता उलट बोटभर जास्त कापलं आणि कोंबून बसवलं, कारण रबर वयानं आखडतं. जोड वर मधोमध ठेवला. त्यांच्या मते जोड खाली ठेवला तर तो कायम पाण्यात राहतो. बसवायच्या आधी रबर तासभर उन्हात टाकलं होतं, ते कणकेसारखं मऊ झालं. लातूरच्या मे महिन्याचा एवढा तरी उपयोग झाला.

काच बसवायची ती दोरीनं, आणि हे बघण्यासारखं होतं. रबर आधी काचेला चढवलं. मग रबराच्या बाहेरच्या खाचेत, जिथं पत्र्याची कड जाणार, तिथं पाच मिलिमीटरची नायलॉनची दोरी सगळीकडून बसवली आणि दोन्ही टोकं खाली मध्यभागी आतल्या बाजूला सोडली. सगळीकडं साबणाचं पाणी. दोघांनी काच बाहेरून चौकटीला लावून दाबून धरली. चाचा आत बसले, एक टोक हातात घेतलं आणि हळूहळू, चौकटीच्या आतल्या बाजूला काटकोनात ओढत निघाले. दोरी जसजशी निघत होती तसतसा रबराचा ओठ पत्र्यावरून उलटून आत येत होता, साडीचा काठ उलटावा तसा. बाहेरून चाचांचा पोरगा तळव्यानं थापट्या मारत त्यांच्या मागोमाग. मुठीनं नाही, हातोडीनं तर नाहीच. दोन कोपरे गेले, तिसऱ्याला दोरी अडली. चाचा थांबले, साबणाचं पाणी आणखी सोडलं, बाहेरून काच केसभर वर उचलायला लावली, आणि पुन्हा ओढलं. शेवटचा कोपरा बसला तेव्हा 'टप्' असा आवाज झाला. आई दारात खुर्ची टाकून सगळं बघत होत्या. त्यांनी तिथूनच हात जोडले.

मग सीलंट. काच आणि रबर यांच्यामध्ये न वाळणारा, चिकट राहणारा काळा ब्यूटाइल सीलंट, रबराचा ओठ लाकडी चमच्याच्या टोकानं उचलून आत भरला, वर थापला नाही. रबराच्या काचेत गाडी हलते तशी काच किंचित हलते, म्हणून तिथं कडक होणारं काही चालत नाही. वरच्या पत्र्याच्या जोडांना पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट, तोही नंतर रंगवून घेतला. पीयू हवेतल्या दमटपणावर पिकतो आणि मेमध्ये आमच्याकडं दमटपणा नावाला नसतो, म्हणून चार दिवस गाडी हलवली नाही. शेवटी लॉकपट्टी. मजुरी, वेल्डिंग, रबर, सीलंट आणि रंग धरून सगळे अकरा हजार सातशे रुपये गेले. प्लायवूडचे वेगळे. पहिल्या जूनमध्येच काच काढली असती तर पत्रा वाचला असता.

पुन्हा खडू पसरला, पुन्हा पंप. आठही भाग कोरडे, कपाळ कोरडं. तरी माझं समाधान होईना. पंपाची धार ती धार आणि वाऱ्याबरोबर येणारा पाऊस तो पाऊस. मृगाचा पहिला पाऊस आला त्या संध्याकाळी मी टॉर्च घेऊन गाडीत जाऊन बसले. वीज गेलेली. टपावर ताशा वाजावा तसा आवाज. अर्धा तास खडू पांढरा शुभ्र, आणि मग डॅशबोर्डच्या खाली, मधोमध, एक ओली रेघ.

मी चाचांना तिथूनच फोन लावला. त्यांनी विचारलं, "काचेच्या वर का खाली?" खाली, म्हटलं. "वायपर चालू हाये का?" नाही. "चालू करून बघा." चालू केला तर थेंब जोरात. वायपरची दांडी जिथून पत्र्यातून बाहेर येते तिथला रबरी वायसर चिरलेला होता. काचेचा त्यात काही दोष नव्हता. दुसऱ्या दिवशी नवा वायसर घातला, चाळीस रुपयांचा. त्यानंतर आर्द्रा झाली, पुष्य झालं, आश्लेषा झाली. पंचांग आणलं की आई आधी नक्षत्राचं वाहन बघतात. म्हैस, बेडूक, हत्ती असलं की पाऊस बक्कळ. त्या वर्षी त्या वाचून दाखवायच्या आणि मी खडूचा ब्रश घेऊन उठायचे.

गणपतीनंतर औंढा नागनाथला गेलो तेव्हा परभणीच्या पुढं तासभर धो धो पाऊस लागला. खडू कोरडा राहिला. आई मागे पोथी वाचत होत्या, कडेला लाल डाग पडलेल्या त्याच पानांवरून.

एक गोष्ट राहिली आहे. काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात, दोन थरांच्या मधल्या पडद्यात, बोटभर दुधी झाक आहे. कड दोन वर्षं पाण्यात आणि त्या आंबट सिलिकॉनमध्ये राहिल्याची ती खूण, ती आता जाणार नाही. पसरली तर काच बदलावी लागेल. मी आतून मार्करनं तिची हद्द आखली आहे आणि शेजारी तारीख लिहिली आहे, १६ जून २०२४. दर पावसाळ्याआधी बघते. झाक अजून रेघेच्या आतच आहे.